आकाशातून अग्नी मागणारे शिष्य

(शास्त्रपाठ : लूक ९:५१-५६)



प्रभू येशू यरुशलेमेकडे जात असता वाटेत शोमरोन्यांच्या एका गावाने त्याला उतरावयास जागा दिली नाही. याकोब व योहान ह्यांना ह्या अपमानाचा मोठा संताप आला, आणि आकाशातून अग्नी पाडून ह्या लोकांचा नाश करावा काय, असे त्यांनी प्रभूला विचारले. ही मागणी करणारे कोणी परके किंवा नास्तिक नव्हते. ते प्रभूचे निवडलेले शिष्य होते. त्यांच्या मागणीस शास्त्राचा आधारही होता; कारण एलीया संदेष्ट्याच्या शब्दाने राजाच्या शिपायांवर अग्नी पडल्याचे त्यांना ठाऊक होते (२ राजे १). तरी प्रभूने काय केले? तो त्या गावावर कोपला नाही. तो आपल्या शिष्यांकडे वळला व त्यांनाच त्याने धमकावले.

प्रभूच्या ह्या वळण्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. धर्माचा पुढारी राजकारणात रक्तपाताची भाषा बोलू लागला, म्हणजे ख्रिस्ती माणसाने काय करावे, ह्याचे उत्तर त्यात आहे.

सन २००५ सालची एक गोष्ट घ्या. अमेरिकेत पॅट रॉबर्टसन नावाचे एक विख्यात धर्मोपदेशक होते. त्यांनी १९६० साली ख्रिस्ती दूरचित्रवाणी संस्था स्थापिली, आणि १९८८ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही प्रयत्न केला. लक्षावधी लोक त्यांचे ऐकत. २२ ऑगस्ट २००५ रोजी आपल्या नित्याच्या कार्यक्रमात ते बोलले की, व्हेनेझुएला देशाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ ह्यांना अमेरिकेने ठार करावे; त्यासाठी पुन्हा २०० अब्ज डॉलरांचे युद्ध करण्यापेक्षा हे फार स्वस्त पडेल, आणि तेलाची जहाजेही थांबणार नाहीत. एका मनुष्याच्या जिवाचे मोल असे जमाखर्चाच्या वहीत मांडले गेले, आणि तेही प्रार्थना करणाऱ्या मुखाने. एकाच तोंडातून आशीर्वाद व शाप निघणे योग्य नव्हे, हा याकोबाचा बोध (याकोब ३:१०) येथे विसरला गेला.

दोन दिवसांनी, २४ ऑगस्ट रोजी, रॉबर्टसन ह्यांनी प्रथम म्हटले की, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला. आपण ठार मारण्याचा शब्द उच्चारला नव्हता. परंतु ध्वनिचित्र सर्वांसमोर होते, व तो शब्द त्यात स्पष्ट होता. त्याच दिवशी त्यांनी असे म्हणणे अयोग्य होते हे कबूल करून क्षमा मागितली. येथे एक धडा आहे. सबब ही क्षमेची वैरीण आहे. जे पाप चव्हाट्यावर घडले, त्याचा पश्चात्तापही चव्हाट्यावरच झाला पाहिजे.

आता त्या देशातील ख्रिस्ती लोकांनी काय केले ते पाहा. राष्ट्रीय मंडळी-परिषदेचे मुख्य चिटणीस बॉब एडगर ह्यांनी खून न करण्याच्या आज्ञेची आठवण देऊन ह्या बोलण्याचा निषेध केला. ते राजकारणात रॉबर्टसन ह्यांच्या विरुद्ध पक्षाचे होते; म्हणून त्यांचे बोलणे सोपे होते, असे कोणी म्हणेल. परंतु लुईव्हिल येथील बॅप्टिस्ट ईश्वरविज्ञान विद्यालयाचे अध्यक्ष आल्बर्ट मोहलर हे बहुतेक सार्वजनिक प्रश्नांत रॉबर्टसन ह्यांच्याच बाजूचे होते. त्यांनीही स्पष्ट लिहिले की, रॉबर्टसन ह्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत व पश्चात्ताप करावा. हेच ते वळणे होय. परक्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविण्यास धैर्य लागत नाही. आपल्या घरच्या वडील माणसाला, आपल्याच पक्षाच्या सन्माननीय पुढाऱ्याला, हे चुकले असे सांगण्यास लागते.

कोणी विचारील, दुष्ट सत्ताधीशाला अडविणे हे कधीच योग्य नाही काय? रॉबर्टसन ह्यांनीही आपल्या क्षमापत्रात जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर ह्यांचा दाखला दिला होता. वेडा मनुष्य गर्दीवर गाडी घालीत असेल, तर जखमींची शुश्रूषा करीत बसणे पुरे नाही, त्याच्या हातातून चक्र हिसकावून घेतले पाहिजे, असा त्या दाखल्याचा आशय. हा प्रश्न कठीण आहे, आणि आम्ही तो सोपा करून सांगत नाही. परंतु दोघांतील भेद पाहा. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असलेले बोनहोफर आपल्या कृत्याला पुण्य म्हणत नव्हते. त्याचा दोष आपल्या माथ्यावर येतो हे ते जाणून होते. त्यांनी सुरक्षित आसनावर बसून कोणाला चिथाविले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. जो स्वतःचा प्राण देतो त्याचे नाव घेऊन, दुसऱ्याचा प्राण घ्या असे दूरवरून सांगणे, हा त्या नावाचा मान नव्हे.

शिवाय अशा शब्दांची किंमत कोण भरतो? त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी चावेझ ह्यांनी न्यू ट्राइब्ज ह्या अमेरिकन मिशनला देशाबाहेर काढण्याची घोषणा केली. ह्या मिशनचे लोक तेथील अरण्यांत आदिवासींमध्ये काम करीत असत. त्यांच्यावर परकीय सत्तेचे हस्तक असल्याचा आरोप ठेवण्यात आला. रॉबर्टसन ह्यांच्या बोलण्यामुळेच हे घडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु ख्रिस्ताच्या नावाने ओळखला जाणारा उपदेशक राज्यकर्त्याचा खून सुचवितो, तेव्हा दूरच्या खेड्यातील निरुपद्रवी सेवकाकडेही संशयाने पाहणे लोकांना सोपे होते, हे कोण नाकारील?

बंधुजनहो, ही गोष्ट केवळ अमेरिकेची समजू नका. निवडणुकीच्या दिवसांत, जमिनीच्या तंट्यात, उपासना संपल्यावर ओसरीवर बसून, अमक्याला एकदा चांगला धडा शिकविला पाहिजे, असे कोणी वजनदार मनुष्य बोलतो. आणि तो आपला म्हणून आपण मान डोलावतो. आम्हीही अशा वेळी मुकाट्याने बसलो आहोत, हे लाजेने कबूल करतो. मौन हे सौम्यता नव्हे. अशा भावाकडे प्रथम एकांतात जावे. बोलणे चारचौघांत झाले असेल, तर चारचौघांतही ते नाकारावे. त्याने पश्चात्ताप केल्यास त्याला पुन्हा जवळ घ्यावे. आणि ज्या अधिकाऱ्याचा आपल्याला राग येतो त्याच्यासाठी नावाने प्रार्थना करावी (१ तीमथ्य २:१-२). ज्याच्यासाठी गुडघे टेकले, त्याच्या मरणाची इच्छा धरणे कठीण जाते.

शेवटी योहानाकडे पुन्हा पाहा. पुढे शोमरोनाने देवाचे वचन स्वीकारले, तेव्हा पेत्राबरोबर तोच योहान तिकडे गेला. त्या लोकांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून त्याने प्रार्थना केली, आणि परत येताना शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली (प्रेषितांची कृत्ये ८:१४-२५). त्या दिवशी त्याने मागितलेला अग्नी पडला असता, तर हे वचन ऐकावयास तेथे कोण उरले असते? प्रभूने आपल्या शिष्याला धमकावले, म्हणून ते गाव वाचले. आणि तो शिष्यही वाचला.