डोंगराचे देणे

चार दिवस डोंगरात पायी हिंडून आलेला माणूस रानाचा कैवारी होतो, असा आपला एक समज आहे. मीही तो पुष्कळ वर्षे बाळगला. माझे गाव नांदगाव पेठ. अमरावतीहून नागपूरकडे जाणारा रस्ता गावाला लागून जातो, आणि सातपुडा उत्तरेला. परतवाडा मागे टाकून धामणगाव गढीहून चढ धरला, की आपण आता सपाटीवरचे उरलो नाही, असे मला वाटे. पण डोंगर चढल्याने माणूस डोंगराचा होतो का, या प्रश्नाने पुढे मला बराच छळला. त्याला कारण एक लहानसा प्रसंग.

आम्ही चौघे मार्च महिन्यात चिखलदऱ्याच्या बाजूला पायी निघालो होतो. गाविलगडाचे बुरूज पाहून झाले होते, पाय चांगले तापले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एका कोरकू वस्तीत पोचलो. एका म्हाताऱ्या बाईच्या दारी पाणी मागितले. तिने हंड्यातून लोटा भरून दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. आम्ही पोटभर प्यालो आणि उरलेल्या पाण्याने तोंडे धुतली. ती बघत होती. काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मोटर तं जाते नं बाबू, मंग पायी काऊन?"

आमच्यातला एक जण म्हणाला, "जंगल पाहायला." ती हसली. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता; लहान मुलाने काही सांगावे आणि मोठ्याने हसावे तसे ते होते.

वस्ती सोडून आम्ही नाल्यात उतरलो. नाला कोरडा होता. वाळूत एक झिरा खोदलेला होता आणि भोवती पाच-सहा बायका बसल्या होत्या. वाटीवाटीने पाणी उपसायचे, घागरीत ओतायचे, झिरा पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचे. ज्या पाण्याने आम्ही तोंडे धुतली ते इथले होते. वाटेत कुणीच फारसे बोलले नाही.

चिखलदऱ्यावर पाऊस काही थोडा पडत नाही. पण हा सारा काळा खडक; उतारावर आलेले पाणी तो धरून ठेवत नाही. ते खाली जाते. चंद्रभागा, शहानूर या नद्या डोंगरातून उतरून पूर्णेला मिळतात, आणि शहानूरचे धरण सपाटीवरच्या गावांची तहान भागवते. वर्धा नदीही मुलताईजवळ, सातपुड्यातच उगम पावते. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणात तिला अडवले आहे. अमरावतीच्या नळांना तेच पाणी येते, आणि आमच्या नांदगाव पेठेतल्या १३५० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रालाही तेच लागते. या पाण्यावर आधी हक्क ओलिताचा की विजेचा, म्हणून या भागातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. म्हणजे डोंगराचे पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो, असे नव्हे. जन्मभर पीत आलो होतो. फक्त देणारा हात त्या दिवशी दिसला.

मला वाटते, पाहणे आणि चालणे यांत मोठा भेद आहे. पाहणाऱ्याला डोंगर सुंदर दिसतो, आणि सौंदर्याचे ऋण मनाला लागत नाही. चालणारा मात्र वाटेत तहानतो, वाट चुकतो, कुणाच्या तरी दारी उभा राहतो. त्याला घेणे भाग पडते, आणि घेतलेले आठवते.

म्हणूनच बहुधा आपल्याकडे मोठी कामे पायी निघाली. मिठासाठी दांडीला लोक १९३० साली चालत गेले. भूदानासाठी विनोबा १९५१ पासून चालत राहिले. १ नोव्हेंबर १९८७ रोजी 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रा निघाली. एक तुकडी उत्तरेला नवापूरहून, दुसरी दक्षिणेला कन्याकुमारीहून. सुमारे शंभर दिवस गावोगावच्या माणसांशी बोलत चालून त्या १९८८ च्या फेब्रुवारीत गोव्यात फोंड्याजवळ एकत्र आल्या. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, तेव्हा ग्रामसभांना विचारून निर्णय घ्यावेत असा आग्रह त्यात होता. पायी चालणाऱ्यांना हे कुणी वेगळे शिकवावे लागले नसेल. ज्याच्या दारी पाणी प्यालो, त्याला न विचारता त्याच्या डोंगराचे काय करायचे ते कसे ठरवणार?

इथे मनाला टोचणारी एक गोष्ट आहे. मेळघाट हा १९७३-७४ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पांच्या पहिल्या तुकडीतला. वाघाला माणसाविना रान हवे, हे खोटे नाही. त्यासाठी बोरी, कोहा, कुंड अशी गावे गाभ्यातून उठवून अकोटकडच्या सपाटीवर वसवली गेली. पुढे पुनर्वसन झालेल्यांपैकी काही जण २०१९ साली जुन्या गावी परत गेले आणि संघर्ष झाला. यात कोण चूक, हा निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. पण रान वाचवण्याचे मोल कोणी दिले, हे स्पष्ट आहे. ते रान पाहून परतणाऱ्या आम्ही दिले नाही. आमच्या दिव्यांतला एकही त्यासाठी विझला नाही. दुसऱ्याच्या घरादारावर पोसलेले निसर्गप्रेम मला संशयास्पद वाटते.

वाट याच डोंगराच्या पायथ्याशी सापडते. परतवाड्यापलीकडच्या पायविहीर गावाला २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड रान गावाने श्रमदानाने जोपासले, सीताफळे स्वतः विकली, आणि २०१४ साली त्याला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे रान आणि माणूस यांत एकाची निवड करावी लागली नाही. राखणारा आणि खाणारा एकच होता, म्हणून हिशेब जुळला. आमचा जुळत नाही, कारण आम्ही खातो एकीकडे आणि राखण्याची अपेक्षा धरतो दुसऱ्याकडून.

त्या प्रवासाहून परतलो तेव्हा रात्र झाली होती. वीज केंद्राचे दिवे लांबून दिसत होते. घरी आलो, पंखा लावला, नळ सोडला आणि बंद केला. एवढ्याने ऋण फिटते असे मी मानत नाही. नळ बंद करणे ही ऋणाची कबुली, फेड नव्हे. फेडीसाठी पाणी आणि वीज यांची वाटणी जिथे ठरते तिथे जाऊन, डोंगरातल्या माणसाच्या शेजारी उभे राहावे लागते. ते आम्हांपैकी फार थोडे करतात, आणि त्या थोड्यांत मी नेहमी असतो असेही नाही.

म्हातारीच्या प्रश्नाला खरे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही. आज द्यायचे झाले तर इतकेच देईन : मोटारीने गेलो असतो, तर तिच्या दारी थांबलो नसतो, आणि पाणी कुणाचे पितो हे मला कळलेच नसते.