घोडनदीहून, गार पाण्यात उतरणाऱ्या नातीस

शिरूर, पौष



तू पाठवलेले फोटो तुझ्या आजीनं चष्मा पुसून पुसून तीनदा पाहिले. लेस्टरजवळची ती स्टोनी कोव्ह म्हणजे मुळात दगडाची जुनी खाण, पाण्यानं भरलेली, तळ ३५ मीटरच्या आसपास, हे कळल्यावर मला ती जागा जरा ओळखीची वाटली. आपल्याकडंही खडी काढून सोडलेल्या खाणी अशाच भरतात. तारकर्लीला तू पहिल्यांदा बुडी मारलीस तेव्हा मी होडीत बसून पाण्यावर येणारे तुझे बुडबुडे मोजत होतो, पण मालवणचं ते पाणी कोमट होतं गं. तिथलं पाणी हिवाळ्यात पाच-सहा अंशांवर येतं म्हणतेस. तू नीट शिकशील, सांगितलेलं ऐकशील, सोबत्याला सोडून जाणार नाहीस, याची मला कधी शंका येत नाही. मला धास्ती आहे ती घाईची, कारण ती आपल्या घराण्यात आहे.

माझंच सांगतो. विशीतला असेन. पौषातच इंजिनाच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह गाळानं तुंबला आणि गव्हाचं पाणी अडलं. पहाटे विहिरीवर गेलो तर पाण्यावर वाफ तरंगत होती. थंडीच्या दिवसांत विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तुला ठाऊकच आहे, लहानपणी डबा बांधून त्यातच तर पोहायला शिकलीस. पहिल्या दोन बुड्यांना बरं वाटलं. तिसरीला दात वाजायला लागले. वर यायचं सोडून मी म्हटलं, एक बुडी अजून, काम उरकून टाकू. चौथीला बोटांना पाना धरवेना, तो सुटून तळाला गेला, आणि पायऱ्या चढताना माझेच पाय मला ओळखीचे वाटेनात. वडिलांनी काही न बोलता अंगावर घोंगडी टाकली आणि शेजारच्या गुऱ्हाळावर नेऊन बसवलं, चुलवाणाला चिकटून नाही, बरंच लांब. काम दुसऱ्या दिवशी झालं. गहू काही एका दिवसानं वाळला नाही.

कोमट वाटणारं पाणीसुद्धा असं करतं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगाची ऊब ओढून नेतं. तुझ्या खाणीत तर वर ऊन पडलं तरी तळ गारच राहायचा. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड होतं, म्हणून ते खाली जाऊन बसतं.

तुझ्या पोशाखाचंही मी विचारून घेतलं. वेटसूटच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात, ऊब तेच राखतात. पण १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात, म्हणजे थंडी जिथं जास्त तिथंच पांघरूण विरळ. तू ड्रायसूट घेतलास ते फार बरं केलंस. आत पाणी नाही, लोकर आणि लोकरीत अडकलेली हवा. धनगराची घोंगडीही दुसरं काय करते? फक्त खाली जाताना ड्रायसूटात थोडी थोडी हवा भरायची आणि वर येताना सोडत राहायची, हे हातांना सवयीचं होईपर्यंत उथळ पाण्यातच राहा. हवा सोडायची राहिली तर ती फुगते आणि माणसाला वर फेकते, आणि झपाट्यानं वर येण्यासारखी वाईट घाई पाण्यात दुसरी नाही.

ट्रॅक्टरच्या चाकाची हवा सोडताना व्हॉल्व्हला बोट लावलंयस ना, कसं गार लागतं? सिलिंडरची हवाही सुटताना तशीच गार होते, आणि अशा पाण्यात श्वासाचं यंत्र त्यामुळं गोठून सारखी हवा सोडत बसतं. म्हणून पाण्यात तोंड घालण्याआधी काठावर उभं राहून त्यातून श्वास घेत बसू नकोस. उतरल्यावर पहिला मिनिटभर छाती धपापेल. काठाला धरून थांब, श्वास आपोआप ठिकाणावर येतो.

बाकी तुला सवयी आहेतच. लवकर उठतेस, तेव्हा त्या दिवशी अर्धा तास आणखी लवकर ऊठ, गरम न्याहारी कर, पाणी पी, आणि काठावर पोहोचायच्या आधी अंग गारठू देऊ नकोस. टोपी आणि हातमोजे नवे घ्यावे लागले तर खुशाल घे. तू कॉलेजात पै पै जपलीस, मला माहीत आहे, पण ही काटकसरीची जागा नव्हे. काटकसर उबेची कर. पहिली शिरशिरी आली की सोबत्याला खूण करून सावकाश वर ये. हुडहुडी भरायची वाट बघू नकोस. वर आल्यावर ओले कपडे बदल, वाऱ्याच्या आडोशाला बस, गोड चहा घे. लगेच कढत पाण्याखाली उभी राहू नकोस. खोलातून आलेल्या अंगाला ते सोसत नाही, भोवळ येते. चुलवाणापासून मला लांब का बसवलं, ते मला कितीतरी वर्षांनी समजलं.

आजीनं लोकरीचे पायमोजे विणलेत, थोडे सैल, मुद्दाम. घट्ट मोज्यात हवेला जागा राहत नाही. सोबत तिळाचे लाडू आणि गूळ आहे. गूळ दौंडकडच्या गुऱ्हाळावरचा, याच हंगामातला. ढेप फोडून डब्यात भरलीय, तेव्हा झाकण घट्ट लावत जा. तिकडच्या दमट हवेत तो पाझरायला लागेल.

तुझा,
आबा