लग्नाच्या कर्जाची कविता

वसई म्हटलं की मराठी माणसाला आधी १७३९ आठवतं. चिमाजी अप्पा, पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा वेढा, आणि इथून जाऊन नाशिकच्या नारोशंकर देवळात टांगली गेलेली घंटा. त्या विजयाचा पोवाडा जरूर गावा. पण तो जिथे संपतो, तिथे तालुक्याच्या पूर्वेकडच्या वारली आदिवासीचं काहीच संपलेलं नव्हतं. निशाण बदललं, मालक बदलले, वेठ चालूच राहिली. गुलामाचा इतिहास सनावळ्यांच्या मागे मागे चालत नाही. म्हणून वसईत आज कुणी गुलामगिरीवर कविता लिहू पाहील, तर त्याने किल्ल्याकडे पाठ करून लग्नाच्या मांडवात शिरावं, असं माझं म्हणणं आहे.

कारण इथली गुलामगिरी लग्नातूनच सुरू व्हायची. लग्न ठरलं, पण हातात पैसा नाही. मग जमीनदाराकडून छोटीशी रक्कम उचलायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. ती फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. त्याच्यामागून त्याची बायकोही त्याच वाड्यावर राबायला जाई आणि मालक तिच्यावरही हक्क सांगे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ठाणे जिल्ह्यातली ही वेठ आणि तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये उभा राहिलेला वारल्यांचा लढा लिहून ठेवला आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा यायला १९७६ उजाडलं. तरीही १९८२ मध्ये वसई तालुक्यातल्या वेठबिगारांना सोडवण्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. १९९९ मध्ये लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’ने त्या दोघांना गौरवलं. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं लोटली, आणि विरार लोकल जिथे रिकामी होते तिथून थोड्याच अंतरावर माणसं अजून गहाण होती.

जगात या विषयावर अलीकडे फार ताकदीची कविता लिहिली गेली आहे. कॅरिबियन वंशाच्या कॅनडावासी कवयित्री एम. नोर्बेसे फिलिप यांचं ‘झाँग!’ हे पुस्तक २००८ मध्ये आलं. १७८१ मध्ये ‘झाँग’ जहाजावरून शंभराहून अधिक गुलामांना समुद्रात फेकलं गेलं आणि जहाजाच्या मालकांनी त्यांच्यापोटी विम्याची भरपाई मागितली. फिलिप स्वतः वकील. त्यांनी या भरपाईच्या खटल्याच्या छापील वृत्तांतातलेच शब्द घेतले, फोडले, पानभर विखरून टाकले आणि बुडालेल्यांना त्यातून बोलतं केलं. मला हे काम थोर वाटतं. पण आपल्याला ती वाट चालणारी नाही. लग्नगड्याचा करार तोंडी, हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही सावकाराच्या घरात. फोडायला कागदच हाती नाही.

हाती आहे ते गाणं. वारली लग्नात सुवासिनी शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, चहूबाजूंनी बारीक नक्षीच्या पट्ट्या. शेजारी लग्न लावणारी बाई, धवलेरी, गात असते. ती गाईल तेव्हा देव यायचे आणि लग्न लागायचं. लग्नगड्याचं लग्नही असंच लागलं असणार. ज्या मांडवात देवीला बोलावलं, त्याच मांडवाच्या खर्चाने नवराबायकोची उमर विकली गेली. श्रद्धा, इतिहास आणि रोजचं प्रेम इथे वेगवेगळे काढताच येत नाहीत. म्हणून वसईतली गुलामगिरीची कविता मुळात प्रेमकविताच असावी लागेल. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेली दोन माणसं रात्री एका चुलीपाशी काय बोलत असतील, एवढं जरी तिला ऐकू आलं तरी ती खरी ठरेल. नुसता आक्रोश लिहिला, तर त्या दोघांचं माणूसपण पुन्हा एकदा मालकाच्याच खात्यावर जमा होईल.

तालुक्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या ख्रिस्ती कवींवरही या कवितेची एक जबाबदारी येते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं विकत आणून गोव्यात, दमणला, इथे घरोघर राबवली आणि त्यांना बाप्तिस्माही दिला. आणि दरवर्षी ईस्टरच्या जागरणाच्या रात्री इथल्या चर्चमध्ये, आता मराठीत, इजिप्तमधल्या गुलामांनी तांबडा समुद्र ओलांडल्याचं वाचन होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’मधून तोच ग्रंथ घरगुती मराठीत आणून ठेवला. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी याच कथेवर आपली गाणी रचली. हे वाचन ऐकताना महामार्गाच्या पलीकडची पाड्यावरची माणसं आठवावीत, यासाठी धर्माबाहेर जाण्याची काहीच गरज नाही. त्यासाठी धर्मग्रंथ नीट ऐकला तरी पुरे.

आक्षेप रास्त आहे की, धवलेरीचं गाणं उचलून शिकल्यासवरल्या कवीने आपल्या नावावर का खपवावं? मुळीच खपवू नये. चित्रांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. बायकांनी भिंतीवर लिहिलेला चौक १९७० नंतर कागदावर उतरला, जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जगभर गेला, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याचा आनंदच आहे. आता तीच चित्रं हॉटेलांच्या भिंतींवर आणि साड्यांच्या पदरांवर आहेत. चित्रासोबतचं गाणं मात्र मागे राहिलं, आणि गाणारीचं नाव तर त्याहून मागे. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम यांनी आदिवासी कवितेला मराठीत स्वतःचा आवाज मिळवून दिला आहे. आश्रमशाळेत शिकलेल्या, आजीकडून धवलेरीचं गाणं ऐकलेल्या आणि बापाला वीटभट्टीची उचल घेताना पाहिलेल्या मुली आज या तालुक्यात आहेत. ही कविता लिहिण्याचा पहिला हक्क त्यांचा. बाकी आपण मासिकवाल्यांनी त्यांच्यासाठी पानं राखून ठेवावीत, आणि त्यांची भाषा ‘शुद्ध’ करायला जाऊ नये.