बैल कुणाच्या हातचा?

पुण्यात नोकरी आणि गावी शर्यतीचा बैल, हे दोन्ही जमवायचं कसं, असं कडेगाव-विट्याकडची मुलं आता उघडपणे विचारतात. उत्तरं मिळतात ती सगळी वेळापत्रकाची. पाच दिवस कंपनी, रविवारी मैदान, स्पर्धा परीक्षा जवळ आली की मैदानं कमी करायची. बैलाला मंगळवारीही वैरण-पाणी लागतं. ते कोण करतं, हे या उत्तरांत कुठेच येत नाही.

शर्यती बंदच करा म्हणणाऱ्यांना 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतींचे कायदे वैध ठरवून उत्तर दिलं आहे. आता प्रश्न उरला तो नियम पाळण्याचा. 'आधी करिअर, मग नाद' हा सल्लाही निरुपयोगी, कारण खोंडाचं पळायचं वय कुणाच्या बढतीसाठी थांबत नाही.

मला खरा घातक वाटतो तो तिसरा सल्ला, आणि आज टाळ्या त्यालाच पडतात. एवढा नाद आहे तर त्याचंच करिअर करा, असं हा सल्ला देणारे सांगतात. भाळवणीच्या मैदानात पहिल्या नंबरला थार मोटार बक्षीस लागली, तेव्हापासून या म्हणण्याला जोर चढला. पण मैदानात पहिला नंबर एकाच बैलगाडीचा असतो. बाकीच्यांना खुराकाचा, टेम्पोचा, ड्रायव्हरचा खर्च घेऊनच घरी परतावं लागतं. मग धंदा उरतो खरेदी-विक्रीचा: आदत (दुधाच्या दातांचा, कोवळा) बैल घ्यायचा, दोन मैदानं मारून भाव वाढवायचा आणि विकायचा. धंदा म्हणून यात काही गैर नाही. मात्र ज्या बैलाचा वेग गेला त्याला या हिशेबात जागा नसते. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणजे थकलेला बैल कुणाच्या तरी दावणीला राहणारच. त्याला पोसायला पैसा लागतो, आणि तो शर्यतीबाहेरूनच यावा लागतो.

शर्यतींवर बंदी आणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालापासून 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळेपर्यंत कायदेशीर बक्षीस नव्हतं. शर्यतीवरच पोट असलेल्यानं ती सात वर्षं बैल कशावर सांभाळला असता? ज्याच्या घरात पगार होता, उसाचं बिल येत होतं, त्यालाच ते परवडणारं होतं. म्हणून नोकरी ही नादाची वैरी नाही. बैलाला पळता येत नाही त्या दिवसांत त्याला जगवते ती नोकरीच, असं मी ठामपणे म्हणतो.

एवढं मान्य केलं तरी नोकरदार हौशी माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात स्वीडननं सुवर्णपदक जिंकलं; पुढच्या वर्षी ते काढून घेतलं, कारण संघातला एक स्वार नियमाला हवा तसा लष्करी अधिकारी नव्हता. हौशी कोण, हे तेव्हा हुद्द्यावरून ठरत होतं. घोड्यांना खरारा कोण करतं, यावर नियम गप्प होता. आपल्याकडेही हिशेब मालकाचाच होतो. या दुष्काळी पट्ट्यातले गलाई कारागीर देशभर सोनं-चांदी गाळतात, मुलं पुण्या-मुंबईला जातात. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर हिरवी वैरण वाढली, पण ती कापून आणणारे हात घरातल्या बायकांचे आणि म्हाताऱ्यांचेच राहिले. लेकाचा नाद आईच्या कमरेवर उभा असेल, तर त्यानं समतोल साधला असं मी मानत नाही.

म्हणून मला फरक करायचा आहे तो मालक आणि राखणारा यांच्यात. हौशी की धंदेवाईक, हा भेद त्यापुढे किरकोळ आहे. पगारी गडी ठेवणारा मालकही चालेल; त्यानं गड्याला रीतसर पगार आणि सुट्टी द्यावी आणि तो पैसा नादाच्या खर्चात धरावा. स्वतः राखणार असेल त्यानं नोकरी निवडतानाच गावापासूनचं अंतर बघावं. किर्लोस्करवाडीची किंवा कराडची कमी पगाराची नोकरी अशा मुलासाठी पुण्यातल्या मोठ्या पगारापेक्षा शहाणपणाची असू शकते, आणि ती घेणाऱ्याला कुणी कमी महत्त्वाकांक्षी म्हणू नये. यातलं काहीच जमत नसेल, तर दुसऱ्याच्या जोडीला मैदानात हात लावावा. स्वतःचा बैल बांधू नये.

यात्रा कमिट्यांनाही एक मागणी आहे. नोंदणीच्या चिठ्ठीवर मालकाच्या नावाखाली बैल राखणाऱ्याचं नाव लिहायला लावा, स्पीकरवर दोन्ही नावं पुकारा आणि बक्षिसातला ठरलेला वाटा त्या दुसऱ्या नावाच्या हातात द्या, मग ते नाव मालकाच्या आईचं असलं तरी.