फायदा कुणाचा, बोट कुणाचं

बडोद्याच्या समा भागातल्या एका दवाखान्यात आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. दाढ किडलेली, गाल सुजलेला. कीड मुळाशी पोचली का ते वरून कळेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक्सरे काढायचं ठरवलं.

फिल्म तोंडात गेली की पोराला उमासा येई आणि जिभेनं तो ती बाहेर ढकली. बाहेर पेशंट खोळंबलेले. नवी मदतनीस मुलगी म्हणाली, "मॅडम, मी बोटानं धरते. आधीच्या दवाखान्यात रोज धरायचे."

"इथं धरायची नाही."

आजोबा दांडिया बाजारात वाढलेले, तोंडाचे फटकळ. "अहो, कंई नहीं थाय! पोराला अपाय नाही, असं आत्ताच म्हणालात ना? मग हिच्या बोटाला काय होणार?"

प्रश्न रास्त होता.

"आजोबा, एका फिल्मचे किरण म्हणजे जमिनीतून, आकाशातून आपल्याला दिवसभरात मिळतात साधारण तेवढेच. पण पोराचा फोटो आज एकदा, त्याच्याच दाढेसाठी. ही मात्र प्रत्येकाच्या दाढेसाठी बोट घालणार, रोज, वर्षानुवर्षं. फायदा त्यांचा आणि भोग हिचे. न्यू ऑर्लिन्सला केल्स नावाचे दंतवैद्य होते. 1896 पासून एक्सरे काढत. एक्सरेची नळी नीट लागली का ते बघायला स्वतःचाच हात किरणांपुढे धरत. त्या त्या वेळी काहीच व्हायचं नाही. पुढे कॅन्सर झाला. आधी बोटं गेली, मग पंजा, शेवटी हात."

पुढचं त्या पोरासमोर बोलल्या नाहीत. 1928 साली केल्सनी आत्महत्या केली.

मग त्यांनी लहान मापाची फिल्म होल्डरला लावली, पोराच्या गळ्याला शिशाचा पट्टा बांधला. "हे दातांत धर, नाकानं श्वास घे आणि उजवा पाय वर उचलून ठेव." पाय सांभाळण्याच्या नादात पोरगा उमासा विसरला. मुलीला त्यांनी भिंतीआड घेतलं. "आड काही नसेल तेव्हा निदान लांब तरी जायचं. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात." बटण दाबलं. फोटो पहिल्याच फटक्यात आला.

आजोबा खूश. "आलोच आहोत तर माझाही काढून टाका."

"काही दुखतंय?"

"छे! पण पैसे देतो ना."

"पैसे राहू द्या. आधी तोंड उघडा."

आजोबांचे दात साफ करायची गरज होती. एक्सरेची नव्हती, म्हणून तो काढला नाही.