मंगळवेढ्याचं कोठार, उद्यमबागेची भट्टी

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं की उद्यमबाग येते. ओतकामाच्या फौंड्र्या, लेथ आणि सीएनसी मशीनचे गाळे, हायड्रॉलिक्सचे कारखाने, आणि त्यांच्या आधाराने चार-पाच माणसांत जॉबवर्क करणाऱ्या शेड. मजगाव, मच्छे, पिरनवाडीपासून खानापूर तालुक्यातल्या खेड्यांपर्यंतची माणसं इथे पाळीवर येतात. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि इथल्या भट्ट्या विझल्या. कुठे आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. सरकारने आदेश काढला म्हणून कुलपं लागली.

रोग रोखायला तो आदेश हवा होता, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो जितका हिशेबाचा तितकाच धर्माचा आहे. सगळ्यांचे जीव वाचावेत म्हणून ज्याचं काम थांबवलं, त्याला पुढे जे मिळतं ते काय असतं? दान, कर्ज, की देणं?

मिळालं काय, ते आधी पाहावं. 6 मे 2020 रोजी कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी 1,610 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. 2,30,000 नाभिक, 60,000 परीट आणि 7,75,000 रिक्षा-टॅक्सीचालक यांना एकदाच 5,000 रुपये, हातमाग विणकरांना 2,000 रुपये, आणि लहान उद्योगांच्या वीजबिलातला स्थिर आकार दोन महिने माफ. दुसऱ्या लाटेत, 19 मे 2021 ला, आणखी 1,250 कोटींची घोषणा झाली. स्थिर आकार ही उद्यमबागेत किरकोळ बाब नाही. तो मंजूर वीजभारावर लागतो. भट्टी पेटो न पेटो, हेस्कॉमच्या बिलात तो असतोच. केंद्राने शंभरापर्यंत कामगार असलेल्या आणि बहुतेकांचा पगार 15,000 च्या आत असलेल्या कारखान्यांचा भविष्य निर्वाह निधीचा हप्ता काही महिने भरला. पण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या शेडला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागूच होत नाही. बाकी केंद्राकडून आलं ते मुख्यतः कर्ज होतं. उद्योगांना आधीच्या येणे-बाकीच्या 20 टक्क्यांपर्यंत, सरकारी हमीचं. फेरीवाल्यांना 1 जून 2020 पासून केंद्राच्या स्वनिधी योजनेचे 10,000 रुपये, तेही फेडायचेच.

सरकारी मराठीत ही मदत घेणाऱ्याला ‘पात्र लाभार्थी’ म्हणतात. बेळगावातल्या माणसाला जो अर्ज प्रत्यक्ष भरावा लागतो, त्या कन्नड अर्जात तो ‘फलानुभवी’ होतो. एका शब्दात लाभाची इच्छा आहे, दुसऱ्यात फळाचा भोग आहे, आणि ‘पात्र’ हा शब्द तर सरळ दानाच्या विचारातून आलेला आहे. गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र अशा कसोट्या लावतो. आपल्या घामाची मिळकत कुणाच्या ओंजळीत घालायची, याचा विवेक देणाऱ्याने करावा, इतका त्याचा रास्त अर्थ. सरकारने तोच शब्द उचलला की अर्थ फिरतो, कारण सरकार स्वतःच्या पदरचं काहीच देत नसतं. निपाणीत घरी बसून विडी वळणाऱ्या बाईचं उदाहरण घ्यावं. तिचा कारखाना म्हणजे घराची ओसरी. उद्योगाचं वेगळं मीटर नाही, म्हणून स्थिर आकाराची माफी तिच्या दारापर्यंत येत नाही. तिचं काम बंद पडलं हे मात्र मीटर असलेल्या माणसाइतकंच खरं होतं. तिला अपात्र ठरवायचं ते कोणत्या धर्माने?

या प्रश्नाचं जुनं ठिकाण मंगळवेढा आहे. बिदरच्या बादशहाचे अंमलदार असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार फोडून भुकेल्यांना धान्य वाटलं, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. तितकी परिचित नसलेली गोष्ट अशी की, त्याच मंगळवेढ्यात काही शतकं आधी, बाराव्या शतकात, बिज्जळ राजाच्या पदरी बसवेश्वर हिशेबनीस होते, असं परंपरा सांगते. पुढे कल्याणला ते भांडारी झाले आणि राजाचा खजिना जंगमांवर उधळतात, असा आरोप त्यांच्यावर आला. एक मराठी संतकथा, एक कन्नड शरणकथा. दोन्हींच्या मध्ये उभा आहे तो खजिन्याच्या किल्ल्या हातात असलेला अधिकारी.

आणि शेवटही सारखाच. बसवेश्वरांच्या कथेत राजा खजिना मोजायला लावतो तेव्हा तो पुरता भरतो. दामाजींच्या कथेत विठ्ठल विठू महार होऊन बिदरला जातो, धान्याची रक्कम चुकती करतो आणि पावती घेतो. लोकांनी शतकानुशतकं जपलेल्या या कथांमध्ये हिशेबाला कुणी क्षुल्लक म्हटलेलं नाही. तूट भरून निघालीच पाहिजे, हे लोकांना मान्य आहे. फक्त ती तूट धान्य खाणाऱ्याच्या नावावर मांडलेली नाही. जे वाचले त्यांच्या दारात वसुलीला कुणी जात नाही. 2020 मध्ये नेमकं उलट घडलं. केंद्राच्या हमी कर्जाची मुदत चार वर्षं होती, पहिलं वर्ष मुद्दलाला सवलत होती आणि बँकेचा व्याजदर 9.25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होता. कुलूप लावायला सांगितलं सरकारने, पावती फाडली गेली शेडवाल्याच्या नावाने.

बसवेश्वरांच्या परंपरेत यासाठी स्वच्छ शब्द आहे: दासोह. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला सेवक समजतो. जे समाजाचं आहे ते समाजाला परत करतो, म्हणून त्याच्या मनात उपकाराची भावना उरत नाही. दासोहाची जोडी कायकाशी आहे, म्हणजे घाम गाळून केलेल्या कामाशी, आणि ते काम हीच पूजा. ज्या वस्तीच्या नावातच उद्यम आहे, तिथे हा विचार परका नाही. एखाद्याचं कायक सर्वांच्या भल्यासाठी थांबवलं, तर त्याला जे दिलं जाईल ते देणंच ठरतं. कौटिल्यानेही अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात रोग आणि दुष्काळ यांना दैवी आपत्तींत मोजून त्यांचा प्रतिकार राजाचं कर्तव्य म्हणून सांगितला आहे. दुष्काळात बी आणि अन्न पुरवावं, असं तो बजावतो.

एक आक्षेप खरा आहे. नुकसान सगळ्यांचंच झालं, तिजोरी कुणाकुणाला पुरणार? पण तिजोरी मर्यादित आहे, तशीच शेडवाल्याची पेटीही मर्यादित होती. 29 मार्च 2020 रोजी गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या काळातला पूर्ण पगार कामगारांना द्यावा, असा आदेश काढला. तो मेच्या मध्यापर्यंत लागू राहिला, आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा, असं सांगितलं. कामगाराला पगार मिळायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नसावं. पण राजधर्माचं ओझं उचलून चार माणसांच्या गाळ्यावर ठेवलं गेलं, आणि मग ते दोघांना आपसात वाटून घ्यायला सांगितलं. जर्मनीने त्याच वसंतात पाचपर्यंत कामगार असलेल्या धंद्यांना 9,000 युरोपर्यंत रक्कम दिली, ती कर्ज म्हणून नव्हे, अनुदान म्हणून. म्हणजे असा विचार त्या काळीही शक्य होता.

बेळगावात आणखी एक उणीव होती. महापालिकेच्या सभागृहाची मुदत 2019 मध्येच संपली होती. 58 प्रभागांची निवडणूक झाली 3 सप्टेंबर 2021 ला, दुसरी लाट ओसरल्यावर. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण 2014 च्या कायद्याने नगरपालिकांकडे सोपवलेलं आहे आणि स्वनिधीच्या कर्जाला पालिकेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागत होतं. अशा वेळी गल्लीतली माणसं नावानिशी ओळखणारा, ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा नगरसेवकच शहरात नव्हता. प्रशासक कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी वडगाव-खासबागेत कुणाचा माग बंद पडला आहे हे त्याला कागदावरूनच कळतं.

म्हणून बेळगाव आणि निपाणीच्या पालिकांना मागणं इतकंच आहे. साथ नसताना, हात मोकळे असताना, प्रत्येक प्रभागातल्या शेडची, मागांची, गाड्यांची आणि घरात विडी वळणाऱ्या बायांची यादी करावी, आणि ती मराठीत व कन्नडमध्ये प्रभाग कार्यालयाबाहेर लावावी. पुढच्या वेळी काम बंद ठेवण्याचा आदेश निघेल, तेव्हा त्याच कागदावर, त्याच तारखेने, भरपाईचं कलमही असावं.