कोण मेलं ते आधी लिहा

विमान वरून जातं, बॉम्ब टाकतं, खाली माणसं मरतात. मग ज्याला विचारावं तो म्हणतो, आम्ही नाय. आणि शहाणी माणसं सांगतात : प्रकरण वादाचं आहे, चौकशी होऊ द्या, तोवर गप बसा. माझा सवाल एवढाच : वाद आहे तो मारणाऱ्याचा. मग मेलेल्याची नोंद का अडवून ठेवायची?

स्पेनमधलं गेर्निका घ्या. बास्क लोकांचं गाव. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. फ्रँकोच्या मदतीला आलेल्या हिटलरच्या आणि मुसोलिनीच्या विमानांनी गाव जाळून काढलं. फ्रँकोवाले काय म्हणाले? लाल लोकांनीच पळताना आग लावली. म्हणजे ज्याचं घर जळालं तोच आरोपी! (ही रीत आपल्याला नवी नाय. वस्ती पेटते आणि पंचनाम्यात चुलीतली ठिणगी निघते.)

जॉर्ज स्टीअर नावाचा बातमीदार त्याच रात्री जळत्या गावात गेला. वाचलेल्यांना विचारलं, बॉम्बवरचा जर्मन शिक्का टिपला, आणि २८ तारखेला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ते छापून आलं. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षानं जबाबदारी कबूल केली १९९७ साली. साठ वर्षं गेली मधे.

आता कडू गोष्ट. बास्क सरकारनं मेलेल्यांचा आकडा दिला १६५४. पुढच्या बऱ्याच इतिहासकारांनी तो १५० ते ३०० च्या आसपास आणला. गाव तीन दिवसांत फ्रँकोच्या ताब्यात गेलं. नीट मोजणार कोण? पण नाकारणाऱ्याला आयतं कोलीत मिळालं : आकडा खोटा, म्हणून बॉम्बही खोटे. आपले काही कार्यकर्ते म्हणतील, दोनशे काय नि सोळाशे काय, अन्याय तो अन्याय. नाय भाऊ. मी मागावरचा माणूस. कापडात मीटरभर फरक पडला तर आमचा पगार कापतात. आणि माणसांच्या मोजणीत हजाराचा फरक चालवून घ्यायचा? दोनशे माणसं काय कमी झाली?

इराकमधलं मोसुल, १७ मार्च २०१७. अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात इमारत कोसळली. त्यांच्याच चौकशीत निदान १०५ नागरिक मेल्याचं निघालं. पण ते म्हणाले, आमचा बॉम्ब दोन बंदूकवाल्यांसाठी होता, इमारत पडली ती आयसिसनं आत ठेवलेल्या स्फोटकांनी. तिथले रहिवासी म्हणाले, तसली स्फोटकं नव्हतीच. इथं बसून मी निवाडा देणार नाही. दोन्ही म्हणणी लिहा, कोण बोललं तेही लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. कळलं नाही तिथं 'कळलं नाही' असंच लिहा. मारणाऱ्याचा रकाना कोरा राहिला तरी मेलेल्याचा भरा : नाव, वय, घर, धंदा. बाई असेल तर 'अमक्याची बायको' नको, तिचं स्वतःचं नाव.

आणि छापण्याआधी मागं राहिलेल्यांना विचारा. नाव छापल्यानं त्यांच्या दारात बंदूक येणार असेल तर छापू नका, वहीत ठेवा. वहीची एक नक्कल दुसऱ्याच्या घरी ठेवा.